जनरेटरमधला आमचा दोन आणे हिस्सा

“विनया, आणायचं तर आण बाई. पर वस्तीवर आवाज करणारी वस्तू एकट्याची ऱ्हात न्हाय.”

असं मला सरुबाईंनी सांगितलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. माझीही बाजू ऐकून घ्या. सरुबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आत्या. वय त्यांनाही माहीत नाही आणि कान पार गेलेले. मागच्या हंगामात त्यांच्या अंगणात उसाची ट्रॉली उलटली, ती त्यांना संध्याकाळी शेळीला पाणी दाखवायला बाहेर आल्यावर दिसली. अशा बाईनं आवाजाबद्दल मत द्यावं आणि मायक्रोबायोलॉजीत पदवी घेतलेल्या मी ते मानावं, हे मला जरा जास्तच वाटलं. मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं, “आत्या, माझ्या पैशाची वस्तू माझीच राहणार ना!” त्यावर त्या म्हणाल्या, “व्हय, चहा घेईन थोडा.”

मला जनरेटर हवा होता तो श्रियासाठी. श्रिया माझी मुलगी, अजून शाळेत न जाणारी. बाकी सगळं ठणठणीत, फक्त छाती नाजूक. धूर लागला, धूळ उडाली, की छातीत बारीक शिट्टी वाजायला लागते. ती शिट्टी मला तीन खोल्यांपलीकडून ऐकू येते. तिच्या बापाला, म्हणजे मोहितला, शेजारी झोपूनही येत नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, “घाबरायचं काही कारण नाही. शिट्टी वाजली की मशीननं औषधाची वाफ द्यायची, तोंडाला मास्क लावून. मात्र अजिबात वेळ घालवायचा नाही.” ‘घाबरू नका’ आणि ‘वेळ घालवू नका’ ही दोन वाक्यं एका दमात बोलणारा माणूस कधी आई झालेला नसतो.

मशीन लाईटवर चालतं. आणि लाईट आमच्याकडे पाहुण्यासारखी येते. चहा ठेवेपर्यंत उठून जाते.

आमची खडकवस्ती वडगाव निंबाळकर आणि लोणी भापकर यांच्या मधल्या माळावर आहे. वडगावात लाईट असते, लोणीतही असते. आम्ही मध्ये बसून दोन्हीकडचा उजेड बघतो. कारण आमची लाईट येते शेतीच्या तारेवरून. विहिरीवरच्या मोटारींना जेव्हा लाईट, तेव्हाच आम्हाला लाईट. चार घरं आणि एक सरुबाईंची खोली, एवढ्यासाठी निराळी तार कोण ओढणार?

इन्व्हर्टर का नाही घेतला, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. घेतला. पण इन्व्हर्टर भरायला आधी लाईट लागते, ही गोष्ट तो विकणाऱ्यानं आम्हाला सांगितली नव्हती. दर वेळी अर्धपोटी राहून राहून बिचारा पहिल्याच उन्हाळ्यात गेला. सेलवर चालणारं वाफेचं छोटं यंत्रही आणलं होतं. श्रियानं दुसऱ्याच दिवशी त्याला हौदात पोहायला शिकवलं.

म्हणून मी आधी रीतसर मार्गानं गेले, वीजवाल्यांच्या ऑफिसात. तिथले साहेब फार सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, कॉम्प्युटरवर नकाशा उघडला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, तुमी विहिरीत राहता.”

“काय?”

“हे बघा. ह्या ठिकाणी घर न्हाय. विहीर हाय.”

“विहीर घराच्या मागं आहे.”

“म्हंजे हाय ना!” साहेबांना आनंद झाला. “विहिरीला शेतीचीच लाईट मिळती. घराला घरची. तुमी घर दाखवा, मी लाईट देतो.”

“मग येऊन बघा ना घर.”

“बघून काय उपेग? नकाशात पायजे. तुमी एक दाखला आणा.”

मी ग्रामपंचायतीतून रहिवासी दाखला आणला. साहेबांनी तो दोनदा वाचला. “ह्यात तुमी वस्तीवर राहता असं लिवलंय. विहिरीत राहत न्हाय, असं कुठं लिवलंय?”

आता असा दाखला मागायला परत कुठल्या तोंडानं जायचं? तरी मी गेले. ग्रामसेवक पेन खाली ठेवून हळूच म्हणाले, “वहिनी, घरी सगळं बरं हाय ना?” त्या दिवशी मी ठरवलं. लाईट मागायची नाही. लाईट आणायची.

माझ्या मनातला जनरेटर अगदी लहान होता. हातात धरून नेता येईल असा, प्रवासाच्या बॅगेएवढा. वाफेच्या मशीनला वीज लागते ती एखाद्या बल्बाएवढी. पण दुकानात जाताना मोहित म्हणाला, “तात्यांना घेऊन जा. त्यांना इंजिनातलं कळतं.”

जोतीराम तात्या म्हणजे मोहितचे चुलत चुलते. एके काळी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, तेव्हा ते तात्या चालवायचे. पुढं विजेची मोटर आली आणि तात्यांची विद्या बेकार झाली. तेव्हापासून हा माणूस एका इंजिनाची वाट बघत जगत होता, हे मला कुणी सांगितलं नाही. दुकानात जाण्यासाठी त्यांनी टोपीला इस्त्री केलेली पाहिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुकानदारानं माझ्यासमोर छोटा जनरेटर ठेवला. तात्यांनी तो एका हातानं उचलून पाहिला आणि खाली ठेवला. “ही काय पिचकारी हाय का? ह्याच्यावर विहिरीची मोटर चालंल का?”

“तात्या, आपल्याला मोटर चालवायची नाही. वाफेचं मशीन चालवायचंय.”

“आज न्हाय. उद्या?”

‘उद्या’ हा शब्द दुकानदाराला इतका आवडला की त्यानं लगेच चहा मागवला. त्यानंतर मी जे जे म्हणाले, त्या सगळ्याला या दोघांचं उत्तर एकच होतं. घरात दोन बल्ब पुरतील? “उद्या?” पंखा लागतच नाही? “उद्या?” मी मोहितला फोन लावला. तो बारामतीच्या दूध कारखान्यात कामाला आहे. मशीनच्या घरघरीत तो ओरडला, “अगं, तात्या म्हणतात ते घे!” शेवटी संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वस्तीवर जे उतरलं, त्याला दोन चाकं होती आणि ते जाफराबादी रेडकाएवढं होतं. मूठभर फुटाणे आणायला जाऊन फुटाण्याची भट्टी घेऊन यावं, तशी मी घरी आले.

कौसल्याकाकूंनी त्याला ओवाळलं. या आमच्या शेजारच्या, बांधापलीकडच्या काकू. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. श्रियानं त्याचं नाव ‘भुंगा’ ठेवलं. मग चालू करायची वेळ आली. बटण होतं. नुसतं दाबायचं होतं. पण तात्यांनी हँडल बाहेर काढलं.

“तात्या, बटण आहे.”

“बटनानं चालू झालेलं इंजान इमानदार नसतं.”

त्यांनी दोन्ही पाय रोवले, हँडल फिरवलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा भुंग्यानं हँडल उलटं फिरवलं आणि तात्या अलगद कडब्याच्या गंजीवर जाऊन बसले. मग मात्र भुंगा जो काही ओरडला! कोंबड्या छपरावर गेल्या. माझ्या खिडकीची काच तडकली. आणि तात्यांची म्हैस दावं तोडून गेली. म्हशीचं नाव राजनंदिनी. हसू नका, तात्यांना मुलगी नाही.

राजनंदिनी सापडली ती लोणी भापकरच्या शिवारात, दुसऱ्याच्या कडवळात, म्हणजे ज्वारीच्या हिरव्या चाऱ्यात. त्या शेताचा मालक तिला घेऊन भांडायला आला. दारात भुंगा दिसला तसा भांडण विसरला आणि खिशातून चार्जर काढून म्हणाला, “जरा लावू का?”

हा पहिला चार्जर. सरुबाईंचं वाक्य मला तिथंच आठवायला हवं होतं. पण मी त्या गृहस्थाला पाणी विचारण्यात गुंतले होते.

त्यानंतर लाईट गेली आणि भुंगा सुरू झाला की माझा व्हरांडा भरायचा. आधी फोन आले. मग फोनबरोबर माणसं आली, कारण फोन भरेपर्यंत ती काय करणार? मग माणसांबरोबर पोरं. मी दारात चपलांसाठी पट्टी आखली, हात धुवायला साबण ठेवला. साबण लोकांनी चांगला आहे म्हणून वाखाणला आणि पोरांनी त्याचे फुगे केले. कौसल्याकाकू मिक्सर घेऊन आल्या. त्यांनी माझ्या ओट्यावर लसणाची चटणी वाटली, मग गेणबांच्या घरची वाटली, मग कुणाची तरी भिजवलेली डाळ. गेणबा म्हणजे आमच्या पलीकडचे. अबोल माणूस, पण बसला की उठत नाही. अख्ख्या वस्तीत लाईट असताना कुणी मिक्सर लावेना. “असू दे की, जाईल आता लाईट,” म्हणून थांबायला लागले. लाईट जाण्याची वाट बघणारी महाराष्ट्रातली ती एकमेव वस्ती असावी.

आणि इतकं सगळं वापरून याच लोकांनी तक्रार केली की आवाज फार होतो.

“डोक्यात घण बसत्यात,” कौसल्याकाकू मिक्सर बंद करून म्हणाल्या.

“राजनंदिनी पान्हा सोडंना झाली,” तात्या म्हणाले.

गेणबांनी नुसता कानातला बोळा काढून दाखवला.

तेव्हा बैठक बसली. भुंगा कुठं ठेवायचा? कुणाच्याच दारात आवाज नको होता, पण प्रत्येकाच्या घरात वायर हवी होती. शेवटी सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडं वळल्या. सरुबाई! त्यांची खोली वस्तीच्या मधोमध, खोलीला लागून शेळीचा गोठा, आणि कान असे. त्यांना विचारायला सगळे गेलो. तात्यांनी हातवारे करून इंजिन, वायर, आवाज सगळं सांगितलं. सरुबाई म्हणाल्या, “ठेवा की. शेळीला सोबत होईल.”

इथं मी माझं एकमेव शास्त्रीय भाषण केलं. मी सांगितलं की इंजिनातून विषारी वायू निघतो, बंद जागेत तो साठतो, माणूस झोपेतच जातो. गोठ्याचं दार काढून टाकलं पाहिजे, नाहीतर मी भुंगा देणार नाही. हे सगळं मी सरुबाईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. माझा घसा बसला.

“दिसतो का त्यो?” सरुबाईंनी विचारलं.

“नाही.”

“वास येतो?”

“त्याला वास नसतो.”

“मग हाय कशावरनं?”

वस्ती हसली. पदवी घेतल्याचा इतका पश्चात्ताप मला कधीच झाला नव्हता. पण दार मी काढायला लावलं. बिजागऱ्यांसकट काढून घरी आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते, तर दाराच्या जागी जाड गोधडी लटकलेली. “शेळीला थंडी वाजती.” मी गोधडी काढली. तिसऱ्या दिवशी तिथं पोत्यांचा पडदा. गेला हंगामभर आमचं हेच चाललंय. त्या लावतात, मी काढते. आम्हा दोघींचा याबाबतीत एकमेकींवर काडीचा विश्वास नाही, पण चहा रोज होतो.

मग झाली हिश्श्याची बैठक. आणि इथं मला जे कळलं, ते कुठल्याही पुस्तकात नाही.

झालं असं की भुंगा मध्यावर गेला, तसं डिझेल सगळे आळीपाळीनं घालायला लागले. मला बरंच वाटलं. पण एका रविवारी तात्यांनी सगळ्यांना सरुबाईंच्या ओट्यावर बोलावलं आणि घसा खाकरला. “डिझेल समद्यांचं. म्हंजे हिस्सा आला. हिस्सा आला की भांडान आलं. भांडान नको आसंल तर जी रीत विहिरीला हाय, तीच इंजनाला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोहितनंसुद्धा. मी माहेरची इंदापूरची. आमच्या घरी विहीर होती ती एकट्या आमचीच. त्यामुळं मला वाटलं, असेल काहीतरी स्वच्छतेबद्दल.

विहिरीची रीत अशी. खडकवस्तीची विहीर सामाईक, आणि सामाईक विहिरीचे हिस्से आण्यांत असतात. विहीर म्हणजे सोळा आणे. त्यातले तात्यांच्या घराचे सहा, कौसल्याकाकूंचे चार, गेणबांचे चार आणि आमचे दोन. ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी त्याची बारी, म्हणजे मोटर लावून रान भिजवायचा वार. आमचे दोनच का, तर विहीर खणताना मोहितच्या आजोबांच्या अंगठ्यावर दगड पडला आणि ते बाकीचं खोदकाम होईपर्यंत घरी पाय वर करून बसले होते.

“तर इंजनात मोहितचं दोन आणे,” तात्या म्हणाले. “शुक्रवारी त्यांची बारी.”

“तात्या! पण जनरेटर माझा आहे!”

“तुझाच हाय की. कोण न्हाय म्हनतंय?” तात्या प्रेमानं म्हणाले. “मालकी तुझी. हिस्सा दोन आणे.”

मी मोहितकडं पाहिलं. तो म्हणाला, “अगं, आपल्याला रोज लागतंच कुठं?”

म्हणजे मी जन्मायच्याही आधी एका माणसाच्या अंगठ्यावर दगड पडला, म्हणून माझ्या जनरेटरमध्ये माझा हिस्सा दोन आणे. मी विचारलं, “आणि श्रियाच्या छातीत मंगळवारी शिट्टी वाजली तर?”

“अडीनडीला घ्या की!” सगळे एकदम म्हणाले. आणि ते खरंच तसं म्हणत होते. मनाला लागलं ते हेच, की भांडायलाही कुणी सापडेना. त्या रात्रीपासून मी झोपायच्या आधी आज कुणाची बारी, ते बघायला लागले. श्रियाचा ताप बघावा तसं.

दरम्यान राजनंदिनीला भुंग्याची इतकी सवय झाली की आता त्याच्या आवाजाशिवाय ती पान्हा सोडेना. लाईट असो नसो, धार काढायच्या वेळी तात्या भुंगा चालू करायचे. सहा आणेवाले! त्यांना कोण बोलणार?

आणि मग आली इंद्रजितची हळद.

इंद्रजित कौसल्याकाकूंचा मुलगा. काकूंनी नवं घर बांधलंय ते चारीच्या, म्हणजे कालव्याच्या लहान पाटाच्या पलीकडं, वस्तीपासून जरा लांब. मांडव तिथं. वार काकूंच्या बारीचा. त्यांनी रीतीप्रमाणं भुंगा ट्रॅक्टरला जोडून मांडवात नेला. आम्हाला आमंत्रण होतंच, पण आदल्या दिवशी तात्यांचा ऊस तुटून गेला होता आणि त्या दुपारी त्यांनी फडातलं पाचट पेटवलं. धुराचे लोट उठले. मी दारं-खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून श्रियाला घेऊन आत बसले. मोहित दुसऱ्या पाळीला.

दिवेलागणीला लाईट गेली. आणि लाईट गेली तशी, जणू दोघींचं ठरलंच होतं, श्रियाच्या छातीत शिट्टी वाजली.

“आई, भुंगा कुठाय?”

“येतोय हं.” मी काय सांगणार? लांबून डीजेचा दणदणाट ऐकू येत होता. भुंगा तिकडं गात होता.

काकूंना फोन लावला, उचलेनात. तात्यांना लावला, उचलेनात. डीजेपुढं कोण फोन ऐकणार? शिट्टी वाढली. श्रियाच्या गळ्याजवळची खळगी आत जायला लागली. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी मशीनची पिशवी गळ्यात अडकवली, श्रियाच्या नाकातोंडाला ओला रुमाल बांधला, तिला स्कूटीवर पुढं उभं केलं आणि चारीच्या कडेच्या वाटेनं निघाले. एरवी या वाटेनं दिवसासुद्धा मी स्कूटी ढकलत नेते. त्या दिवशी कशी नेली, मला माहीत नाही. एका ठिकाणी चारीत एक पाय बुडाला एवढं आठवतं, कारण मांडवात शिरले तेव्हा माझ्या पायात एकच चप्पल होती.

मांडवात सगळे पिवळे झाले होते. डीजे छातीत घुसत होता. मी ओरडले, कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा मी सरळ भुंग्याजवळच्या बोर्डाशी गेले आणि हाताला लागला तो पहिला प्लग उपटला.

तो डीजेचा होता.

गाणं मध्येच तुटलं. अख्खा मांडव वळून माझ्याकडं बघायला लागला. त्या अचानक शांततेत नाचणारा एक माणूस काही वेळ तसाच नाचत राहिला. मी त्या जागी मशीनचा प्लग लावला. वाफ सुरू झाली. आता श्रियाला टेकायला जागा हवी होती. तेवढ्यात हळदीनं माखलेला इंद्रजित पाटावरून उठला. “वहिनी, हितं बसवा.” मी नवरदेवाच्या पाटावर बसले, श्रियाला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाला मास्क धरला.

भुंगा गुरगुरत होता. तात्या धावत त्याच्याजवळ गेले आणि डिझेलच्या कॉकवर हात ठेवून, उधळलेल्या बैलाची वेसण धरावी तसे उभे राहिले. “कुनी वायरवर पाय दिऊ नका!” तेवढंच ते बोलले. बाकी मांडव गप्प. मुलं गप्प. डीजेवाला कानावरचा हेडफोन काढून उभा. वाफेचा सुस्कारा आणि त्याखाली श्रियाच्या छातीतली शिट्टी, एवढंच. दोनशे माणसं एका लहान पोरीचा श्वास ऐकत होती. मी पहिल्यांदा पाहिलं, की ती शिट्टी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी ऐकू येते.

आणि त्या शांततेत सरुबाईंचा आवाज आला. त्यांना गाणं ऐकू येत नाही, पण डीजेचा दणका छातीला लागतो, तो थांबलेला कळला. बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, “का गं थांबलं? कोन गेलं?”

कौसल्याकाकूंनी तोंडाला पदर लावला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

हळूहळू शिट्टी बारीक झाली. मग नुसती खरखर. मग श्रियानं मास्क बाजूला केला, सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, “गाणं लावा ना.”

मांडव असा काही हसला! इंद्रजितनं तिच्या गालाला हळद लावली. कुणीतरी माझी दुसरी चप्पल शोधायला बॅटरी घेऊन गेलं. पण तात्या हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पाचट त्यांचंच होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. आणि मीही नाही. त्यांनी नुसतं वस्तीच्या माणसांना जवळ बोलावलं, तिथंच, मांडवात.

“विहिरीला बारी हाय,” ते म्हणाले. “पर पिण्याच्या पाण्याला बारी न्हाय. कुनाचा का वार आसंना, पिण्याची घागर कुनी कवाबी भरती. व्हय का न्हाय?”

“व्हय,” सगळे म्हणाले.

“तर पोरीची वाफ पिण्याच्या पाण्यात धरायची. आन पिण्याचं पाणी जागेवरच पायजे. इंजान सरुआत्याच्या गोठ्यातनं हालायचं न्हाय. हळद आसो, लगीन आसो.”

गेणबा म्हणाले, “न्हाय हालायचं.” ते एवढं बोलले म्हणजे ठरावच झाला.

माझे आणे मात्र वाढले नाहीत. अजूनही दोनच आहेत. शुक्रवारी मी मिक्सर लावते. पण श्रियाच्या छातीला आता वार नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी सुखानं झोपले असते. पण ‘हालायचं न्हाय’ हे सरुबाईंना हातवाऱ्यांनी समजावून सांगितलं गेलं, आणि त्यांनी ते फार मनावर घेतलं. “पोरीचं पिण्याचं पाणी” चोरीला जाऊ नये, म्हणून त्यांनी आपली खाट गोठ्यात, भुंग्याशेजारी नेलीय. मी सकाळ-संध्याकाळ जाते, पडदा काढते, चालू भुंग्यापाशी त्या बसलेल्या असल्या तर हाताला धरून बाहेर आणते. त्या मला म्हणतात, “तू लई भितीस.” भीते. मला भ्यायची सवय आहे. पण श्रियाचा श्वास राखायला बसलेल्या बाईचा श्वास कुणी मोजायचा?

आणि मी सध्या इंदापूरला आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दोन्ही वेळचे थेंब मीच घालते, त्यामुळं हलता येत नाही. श्रिया इथं छान आहे. इथं लाईट आहे. तिकडं फोन करते. सरुबाईंना फोन ऐकू येत नाही. तात्या म्हणतात, “बघतो की.” मोहितला विचारलं, गोठा उघडा आहे ना, तर म्हणाला, “असेल.” या ‘असेल’वर बायका झोपत नाहीत.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही भिगवणला मासे खायला येताच. तसेच जरा पुढं बारामतीला या, तिथून वडगाव निंबाळकर, आणि लोणीकडं वळलात की माळावर आवाज ऐकू येईल. आवाजाच्या दिशेनं चालत राहा. गोठ्याच्या तोंडाशी गोधडी असेल, नाहीतर पोतं. हाका मारू नका, उपयोग नाही. सरळ पडदा ओढून काढा आणि आत बघा. खाटेवर सरुबाई असतील, पायाशी शेळी. त्यांना हाताला धरून आधी बाहेर उजेडात आणा. त्या रागावतील. तुम्ही कोण, असं विचारतील. विनयानं पाठवलंय म्हणा, कानाशी जाऊन, मोठ्यानं.

त्या म्हणतील, “व्हय, चहा घ्या थोडा.” घ्या. बाहेर बसून घ्या. आणि निघताना पडदा घेऊन जा.